साडेतीन तारे, झोक्यासकट

आमच्या टेबल टेनिसच्या गटात कुणीतरी म्हणालं, लोक चपलांना तारे देतात, चार्जरला देतात, मग उद्यान विभागाला का देऊ नयेत? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी निवृत्त लेखापरीक्षक. २९ वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे असली कामं न मागता अंगावर येतात. शहराचं नाव लिहीत नाही. शहर लहान, विभागात माणसं मोजकी, आणि त्यातल्या निम्म्यांशी रोज गाठ पडते. उद्या टेबलाचं जाळं मिळायला उशीर व्हायला नको.

कशाच्या जोरावर बोलतोय ते आधी सांगतो. घराजवळची बाग, रोज. खेळाचा कोपरा, नातीला घेऊन, आठवड्यातून चारदा. तिचा पोहण्याचा वर्ग, दोन हंगाम. माझं टेबल टेनिस, ज्येष्ठांच्या वेळेत, आठवड्यातून तीनदा. आणि उद्यान व क्रीडा समितीच्या सभा, आजवर ११. ही शेवटची सोय फारसं कुणी वापरत नाही. खरं तर ती फुकट आहे आणि बसायला जागा भरपूर.

झोक्यापासून सुरुवात करतो.

खेळाच्या कोपऱ्यात एका चौकटीत दोन झोके आहेत. एका संध्याकाळी नात डावीकडच्या झोक्यावर बसली, मी मागून धक्का द्यायला वाकलो आणि बैठकीला साखळी जोडणारी कडी नजरेला पडली. आतून झिजून तिची जाडी निम्म्यावर आली होती. बोट फिरवलं तर खाच नखाला लागत होती. नातीला उतरवलं, ती रुसली, आम्ही तसेच कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी तक्रार लिहून घेतली, क्रमांक दिला आणि माझ्यादेखत फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन बघतो तर झोका साखळ्यांसकट काढलेला. संध्याकाळी पाचची तक्रार, सकाळी सातच्या आत काम फत्ते. इथे पाच तारे, आणि सहावा असता तर तोही.

नवा झोका लागायला ४७ दिवस गेले.

या दोन आकड्यांत सगळा विभाग मावतो. झोका काढायचा निर्णय मैदान पर्यवेक्षकाचा; पाना त्याच्याच गाडीत, विचारायचं कुणालाच नाही. बसवायचा म्हटलं की कडी आणि साखळी त्याच बनावटीची हवी, म्हणजे खरेदी आली, म्हणजे मागणीपत्र आलं, म्हणजे विभागप्रमुखांची सही आली, आणि प्रमुख रजेवर. त्यांच्या गैरहजेरीत सही कुणाची चालेल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "तशी वेळ सहसा येत नाही." हे वाक्य मी इतक्या कार्यालयांत ऐकलंय की त्याचा रबरी शिक्का करून घ्यायला हवा होता. ते ४७ दिवस नात रोज रिकाम्या चौकटीखाली उभी राहायची आणि म्हणायची, "आजोबा, आज?"

मधल्या काळात मी पट्टी खिशात घालून बाकीचं तपासलं. यात वेडेपणा थोडा आहे, कबूल. पण अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांवरची एक पुस्तिका आहे, १९८१ पासून निघते आहे. मुलांची डोकी आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखंच असल्यामुळे ती कुठेही कामाला येते. तिच्यातल्या दोनच गोष्टी प्रत्येक आजी-आजोबांना पाठ असाव्यात असं मला वाटतं. पहिली: कठड्याच्या दोन गजांमधली किंवा फळ्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी हवी, नाहीतर नऊ इंचांपेक्षा जास्त. मधलं माप घातक, कारण त्यातून पाय आधी घातलेल्या मुलाचं धड निघून जातं आणि डोकं अडकतं. दुसरी: खाली काय अंथरलंय आणि किती जाड. दाबून बसलेल्या लाकडाच्या चिप्सचा नऊ इंचांचा थर दहा फुटांवरून पडणाऱ्या मुलाला सांभाळतो. तेवढ्याच जाडीची वाळू फक्त चार फुटांपर्यंत. म्हणजे "खाली मऊ आहे ना" एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

आमच्याकडे चिप्स आहेत. कडेला पट्टी रोवली, अकरा इंच. मनात म्हटलं, वा. मग उरलेल्या झोक्याच्या बरोबर खाली रोवली तर चार. मुलं झोका थांबवायला पाय घासतात, रोज शेकडो वेळा, आणि चिप्स उडून पुढे-मागे दोन ढिगारे होतात, मधे बशीसारखा खड्डा. विभागाच्या वार्षिक अहवालात "चिप्सचा थर: समाधानकारक" लिहिलंय आणि ते खोटं नाही, मोजणाऱ्यानं कडेला मोजलं असणार. घसरगुंडीच्या तोंडाशीही तेच. दंताळं घेऊन ढिगारे परत खड्ड्यात ओढणं हे पाच मिनिटांचं काम, पण ते दर आठवड्याला करायचं आणि कामाच्या तक्त्यात ते कुठेच नाही. तक्त्यात आहे: गवत कापणे, कचरा उचलणे, कुलूप. जे तक्त्यात नाही ते कुणाचंच काम नसतं.

मी हे लेखी दिलं, खड्ड्यात उभ्या केलेल्या पट्टीच्या फोटोसह. तीन आठवड्यांनी तक्त्यात "दंताळं, सोमवार" अशी ओळ आली. आता सोमवारी सकाळी जमीन सपाट असते आणि शनिवारपर्यंत पुन्हा बशी होते. चालायचंच. झोक्याखाली रबरी चटई टाकतात काही ठिकाणी, तीही सुचवली आहे.

आता तलाव. हा या विभागाचा सगळ्यात चांगला भाग आहे, पण आमची ओळख भांडणातून झाली.

तलावाच्या दारात एक तक्ता लटकतो: दर दोन तासांनी पाण्यातलं क्लोरीन, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) आणि तपासणाऱ्याची सही. मुक्त, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं, क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) हवं आणि पीएच ७ ते ७.८ च्या मधे. पीएच वर चढला की क्लोरीन असूनही त्याची धार कमी होते, म्हणून हे दोन आकडे जोडीनं बघायचे. नात कपडे बदलत होती तोवर मी तक्ता वाचला. सकाळी आठ, ७.४. दहा, ७.४. बारा, ७.४. असं संध्याकाळी सहापर्यंत, आणि मागच्या चार दिवसांतही तेच. शाई एक, अक्षराचा कल एक, सहीचा शेवटचा फराटासुद्धा एकाच उंचीवर. लेखापरीक्षकाला याहून जास्त काही लागत नाही. खरे आकडे कधी इतके शहाणे नसतात. भर दुपारी ऊन, पोरांची गर्दी, कुणी सनस्क्रीन फासलेलं, कुणी अंघोळ न करता उतरलेलं, आणि पाणी मात्र आठपासून सहापर्यंत ढिम्म?

व्यवस्थापकांना भेटलो. आवाज न चढवता एवढंच विचारलं, की आजच्या चार वाजताच्या खान्यात आकडा भरलेला आहे आणि आत्ता सव्वातीन वाजलेत, हे कसं? त्या थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मला वाटलं होतं, बाई आता मला नियमावली ऐकवणार. तसं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यापासून आकडे डुलायला लागले: ७.३, ७.६, ७.५. आणि एका शनिवारी ७.९ भोवती लाल गोल आणि तलाव तासभर बंद. बाहेर पालक चिडलेले, पोरं ओल्या टॉवेलात कुडकुडत बसलेली, आणि मी एकटा खूश. माझी लेक म्हणाली, "बाबा, लोकांसमोर हसू नका."

त्या तासाभरात आणखी एक गैरसमज कानावर आला, तो इथेच मोडून काढतो. एक गृहस्थ म्हणत होते, "बंद कशाला केला, आज तर क्लोरीनचा वास किती कमी आहे." तलावाचा जो डोळे चुरचुरवणारा वास आपण क्लोरीनचा समजतो तो शुद्ध क्लोरीनचा नसतोच. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा. म्हणजे वास जितका उग्र तितकं क्लोरीन कामात खर्ची पडलेलं. झाकलेल्या तलावात शिरताच नाक झोंबलं तर "किती स्वच्छ" म्हणू नका, तक्ता बघा. आणि उतरण्याआधी अंघोळ करा, तो फलक शोभेसाठी नाही.

जीवरक्षक उत्तम. त्यांच्या प्रशिक्षणात १०/२० म्हणून एक मापदंड असतो: आपल्या वाट्याच्या पाण्यावर १० सेकंदांत पूर्ण नजर फिरली पाहिजे आणि गरज पडली तर २० सेकंदांत पोहोचता आलं पाहिजे. मी घड्याळ लावून एका मुलीची मान मोजली. नऊ, दहा, नऊ, अकरा, नऊ. दर वीस मिनिटांनी खुर्ची बदलते, आणि बदलताना नवा माणूस पाण्याकडे बघत उभा राहिल्यावरच जुना नजर काढतो. वय असेल विसाच्या आसपास. माझ्या हाताखाली असे दोन लेखनिक असते तर मी पाच वर्षं आधी निवृत्त झालो असतो.

नोंदणीचा प्रकार मात्र वैतागाचा. पोहण्याच्या वर्गांची नोंदणी सकाळी सातला उघडते आणि चार मिनिटांत भरते. आम्ही घरात तीन फोन घेऊन बसतो. दुसऱ्या बाजूला मातकामाचा वर्ग, मोठ्यांचा बॅडमिंटन वर्ग वगैरे "किमान आठ जण नाहीत" म्हणून आदल्या आठवड्यात रद्द होतात. आणि आठ जण का होत नाहीत? कारण मागच्या वेळी रद्द झाला होता, म्हणून लोक शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघतात, आणि विभाग शेवटच्या दिवसाच्या आधी रद्द करतो. प्रतीक्षायादी ठेवतात, पण ती फक्त भरलेल्या वर्गाची. रद्द झालेल्या वर्गात नाव घातलेल्या पाच-सहा जणांचं पुढे काय झालं, ते कुणी विचारत नाही. मातकामाच्या वर्गात माझ्या बायकोचं नाव दोनदा होतं. तिसऱ्यांदा तिनं घातलं नाही.

याच जागी माझ्या टेबल टेनिसचा किस्सा. तिमाही अहवालात वाचलं: "ज्येष्ठ टेबल टेनिस, मासिक सहभाग १६८." मी उडालोच. आम्ही १४ आहोत. मोजून १४, त्यातले दोघे फक्त गप्पा मारायला येतात. मग डोक्यात प्रकाश पडला: आठवड्यातून तीनदा, महिन्यात बारा वेळा, चौदा बारे १६८. यात लबाडी नाही. विभाग हजेऱ्या मोजतो, माणसं नाही. टेबल किती वापरलं जातं ते सांगायला हजेरीचा आकडा चांगला. पण समितीत कुणी विचारलं की ज्येष्ठांसाठी काय करतो आपण, तेव्हा हाच १६८ पुढे येतो आणि सगळे समाधानानं मान डोलावतात. शहरातल्या ज्येष्ठांपैकी १६८ जण रॅकेट घेऊन उभे आहेत असं चित्र दिसतं. तिथे आहोत आम्ही चौदाच, आणि एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तेरा. मी सभेत सुचवलं की दोन स्तंभ करा, हजेऱ्या आणि वेगळी माणसं. केले. त्याबद्दल अर्धा तारा इथेच देऊन टाकतो.

सभांबद्दल. समितीत सात नागरिक, नगरमंडळानं नेमलेले, तीन वर्षांची मुदत, दरवर्षी दोन-तीन जागा बदलतात म्हणजे सगळे एकदम नवखे नसतात. समिती सल्लागार आहे: ती शिफारस करते, पैसे आणि अंतिम शब्द नगरमंडळाचा. बहुतेक लहान शहरांत असंच असतं. दुसरं टोक बघायचं तर मिनिआपोलिस: तिथे १८८३ पासून उद्यानांचं स्वतंत्र मंडळ आहे, त्याचे नऊ आयुक्त मतदार थेट निवडून देतात. आमच्यासारख्या शहराला हा डोलारा झेपणार नाही, आणि मला तो हवाही नाही. मला हवंय ते फार छोटं. समितीची शिफारस नगरमंडळानं फेटाळली तर कारण एका ओळीत लिहून परत पाठवावं. सध्या शिफारस वर जाते आणि विहिरीत दगड टाकल्यासारखी गडप होते. फरक इतकाच की विहिरीतून निदान आवाज तरी येतो. तलावाच्या गाळणीचा पंप बदला, असं समितीनं दोन वर्षांत तीनदा लिहिलं. इतिवृत्तात तिन्ही वेळा "नोंद घेतली". त्याच काळात नव्या कारंज्याला तरतूद झाली, फीत कापली गेली, फोटो आले. पंपाची फीत कशी कापणार? तो तळघरात असतो.

समितीचंही थोडं चुकतं. पाचव्या सभेत बाकांचा रंग हिरवा की तपकिरी यावर ४० मिनिटं गेली (मी वेळ लिहून ठेवतो) आणि पंपाला सहा. रंगावर प्रत्येकाला मत असतं, पंपावर कुणाला नसतं. बाक तपकिरी झाले. हिरवे बरे दिसले असते.

फुटबॉल मैदानाच्या वेळांचं वाटप वर्षातून दोनदा होतं आणि त्यात जुन्या क्लबला चांगली वेळ, नव्यांना आणि मुलींच्या संघाला उरलीसुरली, असा रिवाज पडून गेला होता. गेल्या वर्षी त्यांनी गुणपद्धत आणली: खेळाडू किती, त्यातले शहरातले किती, मागच्या हंगामात घेतलेली वेळ न वापरता किती वेळा सोडली. शेवटच्या निकषावर जुना क्लब आपटला. मी त्या सभेला होतो. इतकी शांतता त्या खोलीत पुन्हा ऐकली नाही.

झाडांवर मी जरा हळवा आहे, तेव्हा वजावट करून वाचा. २०२१ मध्ये सेसिल कोनायनेंडाइक या नागरी वनतज्ज्ञांनी ३-३०-३०० असा एक सोपा नियम मांडला: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के पानांचं छत असावं, आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. माझ्या खिडकीतून दोन दिसतात. तिसरं लावलं होतं. बागेच्या कडेला बारा रोपं लावली होती, त्यांतलं ते एक. पाच मेली, आणि पाणी कमी पडून नव्हे. मी एकाच्या बुंध्याशी बसून पाहिलं: घोट्याच्या उंचीवर साल चारही बाजूंनी सोललेली, आतलं लाकूड पांढरं, कडेला हिरव्या नायलॉनचे बारीक तुकडे. गवत कापायच्या यंत्राची दोरी. कापणारा गडी नीटनेटका, त्याला बुंध्याशी गवताची एक काडी ठेववत नाही, आणि दोरी कोवळी साल सपासप काढते. सालीखालून अन्न वाहतं. सगळीकडून साल गेली की झाड उभं असतं पण संपलेलं असतं. उपाय स्वस्त: बुंध्याभोवती दोन-तीन फूट गवतच ठेवायचं नाही, पालापाचोळा अंथरायचा, आणि तोही बुंध्याला न टेकवता, नाहीतर साल कुजते. आता सात रोपांभोवती अशी आळी आहेत. पाच खड्डे रिकामे आहेत आणि अहवालात अजून "वृक्षलागवड: १२".

आता मूळ मुद्दा. हे सगळं चालवतं कोण? पद मैदान पर्यवेक्षक, मी मनातल्या मनात मुकादमच म्हणतो. झोका रातोरात काढणारे ते हेच. एकदा पहाटे त्यांच्याबरोबर फेरी मारली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, वरच्या खिशात बोटभर जाड डायरी, रबरानं बांधलेली. कुठल्या फवाऱ्याची झडप उलटी फिरते, कुठल्या दिव्याच्या खांबात पाणी शिरतं, कुठल्या कोपऱ्यात साप निघाला होता, तलावाचा पंप कुठला आवाज करायला लागला की एका दिवसात बंद पडतो, सगळं त्या डायरीत किंवा डोक्यात. एका कुलपाशी थांबून ते म्हणाले, "याची किल्ली अर्धी बाहेर ओढून फिरवायची." हे तीन वाक्यं लिहिण्याइतकं काम आहे आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. समितीपुढे जाणारा अहवाल प्रमुख लिहितात, प्रमुखांना माहिती मुकादम तोंडी देतात, आणि तोंडी देताना साप, झडप, आवाज गळून पडतात, उरतं "समाधानकारक". म्हणजे देखरेख तीन मजल्यांची आणि जिना एकाच माणसाच्या खिशात. ते मागे दहा दिवस आजारी होते तर दोन बागांचे नळ चालूच राहिले, कारण मुख्य झडप कुठे पुरलीय ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी त्यांची निवृत्ती आहे.

नवव्या सभेत मी उठून बोललो. सॅन फ्रान्सिस्कोत २००३ मध्ये मतदारांनी ठराव करून उद्यानांच्या देखभालीचे निकष ठरवायला लावले आणि त्यांच्या तपासणीत शहराच्या हिशेब बघणाऱ्या कार्यालयाला बसवलं. तिथे बागांना गुण मिळतात आणि ते जाहीर होतात. ब्रिटनमध्ये १९९६ पासून ग्रीन फ्लॅग नावाची योजना आहे, तिचे परीक्षक स्वयंसेवक असतात. मुद्दा एवढाच, की जो गवत कापतो त्यानंच गवताला गुण देऊ नयेत, आणि बघितलेलं त्याच दिवशी कागदावर यावं. अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान. मग तुम्हीच करा."

म्हणून हितसंबंध जाहीर करतो: गेले दोन महिने आम्ही चौघं टेबल टेनिसवाले महिन्यातून एकदा दोन बागांत फिरून एक पानी तक्ता भरतो. चिप्सची खोली झोक्याखाली, कडेला नाही. फळ्यांची फट. बुंध्याची साल. नळ बंद की ठिबकतोय. दिव्यांचे क्रमांक. तक्त्यात "समाधानकारक" हा शब्द लिहायला मनाई आहे, आकडा नाहीतर हो किंवा नाही. मुकादमांना पहिल्या दिवशी आम्ही आवडलो नाही, ते दिसत होतं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतः डायरी काढली आणि झडपांची पानं आमच्यातल्या एकाला उतरवून घेऊ दिली. ३१ झडपा निघाल्या. कार्यालयातल्या नकाशावर १९ होत्या.

तर हिशेब असा. धोका दूर करण्यात पाच. तलाव साडेचार. वर्ग आणि नोंदणी अडीच. झाडं तीन, पाच मेली म्हणून. समिती साडेतीन, नगरमंडळाला ऐकू जाण्यात दीड. सरासरी काढली तर साडेतीनच्या किंचित खाली येते. दोन स्तंभांचा अर्धा तारा मघाशी दिलाय, तो धरून साडेतीन करतो. मग वापरावं का? वापरा. तक्रार तोंडी सांगू नका, क्रमांक घ्या. आणि एखाद्या सभेला येऊन बसा, तिसऱ्या मंगळवारी असते, पंप पुन्हा विषयपत्रिकेवर आहे.

ताजा कलम: हे लिहून ठेवलं त्या आठवड्यात रजेवरच्या सहीचा नियम झाला, एका परिच्छेदाचा, प्रमुख नसतील तर मुकादम सही करतील असा. झोकाही नीट चालतोय. फक्त बसवणाऱ्यानं उजवीकडच्या साखळीत एक कडी जास्त घेतली आहे, त्यामुळे बैठक दोन बोटं तिरकी आहे आणि झोका पुढे जाताना जरासा वळतो. नातीला ते कळलंय, ती मुद्दाम तोच पकडते. तक्रार क्रमांक मी अजून घेतलेला नाही.